रिमांड होममध्ये मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर कायद्याने काय काय करता येतं (मुंबईतल्या घरच्यांसाठी आणि आता मोठ्या झालेल्या मुलांसाठी)

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा कारण बरीच घरं इथेच माघार घेतात. पोरावर मोबाईल चोरीची केस असो, मारामारीची असो नाहीतर खुनाची, ती फाइल वेगळी आणि होममध्ये त्याच्यासोबत जे झालं ती फाइल वेगळी. "आपलंच पोरगं आत आहे, आपलं कोण ऐकणार" असं म्हणत बसू नका, कायदा उलट इथे जास्त कडक आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, त्याच्या कलम ५ मध्ये रिमांड होम, निरीक्षणगृह ही नावं घेऊन लिहिलंय की तिथल्या स्टाफने किंवा चालवणाऱ्याने आत ठेवलेल्या मुलावर बलात्काराच्या स्वरूपाचा अत्याचार केला तर तो साधा गुन्हा नाही, गंभीर स्वरूपाचा गुन्हा, आणि ऑगस्ट २०१९ नंतर घडलेला असेल तर कमीत कमी २० वर्षं, पुढे मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशीसुद्धा. नुसता अंगाला वाईट हेतूने हात लावला असेल तर कलम ९ आणि १०, म्हणजे ५ ते ७ वर्षं. आणि हो, मुलगा आहे की मुलगी याने पॉक्सोला काही फरक पडत नाही, "पोराला काय होतंय" हे वाक्य कुणी ऐकवलं तर सरळ दुर्लक्ष करा.

आता सांगायचं कुणाला. माझं स्पष्ट मत आहे, तक्रार होमच्या आत ठेवू नका, बाहेर काढा. अधीक्षकांना अर्ज देऊन घरी येऊन वाट बघत बसलात तर अर्ज पण आत राहतो आणि ज्याच्यावर अर्ज आहे तो माणूस पण आत राहतो, आणि पोरगं त्याच्याच ड्युटीत झोपतं. अधीक्षक चांगले असतीलही, मी म्हणत नाही की सगळे तसले, पण कायद्याने त्यांना स्वतः चौकशी करून "तथ्य आढळले नाही" लिहायचा अधिकारच नाहीये. त्यांना कळलं की त्यांनी पोलिसांना कळवायचं, बस. पॉक्सो कलम १९ प्रमाणे कळवणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर कलम २१ खाली त्यालाच एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे वाक्य अर्जात लिहा, उपयोग होतो. तक्रारपेटी भिंतीवर असते, असू दे.

बाहेरची दारं बरीच आहेत. १०९८ चाइल्डलाइन, जी १९९६ साली आपल्या मुंबईतच टिसमधून (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सुरू झाली आणि आता सरकार चालवतं. ११२ पोलीस. मुंबई पोलिसांचा १०३. १५१०० वर विधी सेवावाले, फुकट वकिलासाठी. बाल कल्याण समिती, शहराची वेगळी आणि उपनगराची वेगळी. आणि ज्यांची केस चालू आहे त्यांच्यासाठी बाल न्याय मंडळ, म्हणजे डोंगरीला तारखेला नेतात ते. हे दार लोक विसरतात. तारखेच्या दिवशी मुलगा स्वतः मॅजिस्ट्रेट मॅडमसमोर किंवा सरांसमोर उभा असतो, होमचा माणूस शेजारी असला तर "मला एकट्याने बोलायचंय" एवढं म्हटलं तरी पुरे, आणि तो नाही बोलू शकला तर वकिलाने किंवा आईने तोंडी सांगून अर्ज द्यायचा. मंडळाने दर महिन्याला होमची पाहणी करायची असते हेही कायद्यातच आहे.

प्रकार ताजा असेल, म्हणजे दोन-चार दिवसांतला, तर सगळं बाजूला ठेवून आधी हॉस्पिटल. एफआयआर नाही म्हणून तपासणी अडत नाही आणि उपचार तर कुठलंच हॉस्पिटल नाकारू शकत नाही, सरकारी असो की प्रायव्हेट, आणि पैसे घ्यायचे नाहीत. एचआयव्ही होऊ नये म्हणून जी औषधं देतात ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, डॉक्टर विसरले तर तुम्ही विचारा, लाजू नका. मुलगी असेल तर लेडी डॉक्टरच, आणि गर्भाची चाचणी, गोळी हे पण लगेच. टू फिंगर टेस्ट कुणी करायला निघालं तर नाही म्हणा, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जो करेल त्याच्यावर गैरवर्तनाची कारवाई. अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत, कागदाच्या पिशवीत ठेवायचे, प्लास्टिकमध्ये ओल धरते. महापालिकेच्या बऱ्याच हॉस्पिटलांत दिलासा विभाग आहे, तिथल्या समुपदेशक बायका अशा वेळी खरंच आधार देतात. आणि आठवडे उलटून गेले असले तरी तपासणी करून घ्या, "काही सापडलं नाही" म्हणजे "काही झालं नाही" असं कोर्ट धरत नाही.

मग पोलीस स्टेशन. होम ज्या हद्दीत आहे तिथेच जावं लागतं असं काही नाही, झिरो एफआयआर कुठेही होतो, तुम्ही धारावीत राहता आणि होम दुसरीकडे असलं तरी धारावीत नोंदवा, ते पुढे पाठवतील. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एनसी घेतो म्हणाले तर घेऊ नका. एनसी म्हणजे अदखलपात्र, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे, त्यात एफआयआर नोंदवणं सक्तीचं आहे हे ललिता कुमारी केसमध्ये २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगून झालंय. तरी नाहीच घेतली तर लेखी तक्रार डीसीपींना रजिस्टर पोस्टाने, पोस्टाची पावती जपून, आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे बीएनएसएस (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७५(३) खाली अर्ज. पॉक्सोची माहिती मिळूनही न नोंदवणाऱ्या पोलिसाला स्वतःला कलम २१ लागतं, हे शांतपणे, आवाज न चढवता सिनिअर पीआयना सांगून बघा, बऱ्याचदा तिथेच काम होतं. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही.

जबाबावर मी थोडं जास्त बोलणार आहे कारण केस इथे उभी राहते नाहीतर इथेच बसते. कायदा म्हणतो जबाब मुलाला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला पीएसआय किंवा वरच्या अधिकाऱ्याने, साध्या कपड्यात, विश्वासातलं माणूस सोबत असताना, आणि मुलाला रात्री पोलीस स्टेशनमध्ये ठेवायचं नाही. होम ही सोयीची जागा नाही, हे अर्जात लिहून मागा, कारण पोलीस "तिथेच येतो आम्ही" म्हणतात आणि मग दाराबाहेर तोच स्टाफ घुटमळत असतो. दुसरं, कलम २६ प्रमाणे मूल जसं बोललं तसंच लिहायचं. होतं काय, पोरगं सांगतं की अमक्या दादाने रात्री बाथरूमच्या मागे नेलं, तोंडात असं असं केलं, आणि हवालदार लिहितो "अश्लील कृत्य केले". झालं. या तीन शब्दांमुळे २० वर्षांच्या कलमाची केस ५ वर्षांवर येऊ शकते. म्हणून सही करण्याआधी पूर्ण जबाब वाचून घ्या, मुलाला वाचून दाखवा, त्याचे शब्द, तो ज्याला जे म्हणतो तेच शब्द, त्यात आहेत का बघा, किती वेळा झालं, कोणत्या खोलीत, कोणाची ड्युटी होती, कुणाला सांगितलं होतं आणि त्याने काय केलं. तारीख आठवत नसेल तर गणपतीच्या आधी, परीक्षेच्या वेळी, असं चालतं, खोटी तारीख ठोकून देऊ नका, उलटतपासणीत तीच धरतात. एकापेक्षा जास्त वेळा झालं असेल तर ते नक्की लिहून घ्या, त्याने गुन्ह्याचं स्वरूप आणखी गंभीर होतं. नंतर मॅजिस्ट्रेटसमोर वेगळा जबाब होईल, तिथेही हेच.

पुरावा. होममधला पुरावा बाहेरच्यापेक्षा लवकर नाहीसा होतो, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. त्यामुळे ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी आयओ (तपास अधिकारी) आणि बाल न्याय मंडळ दोघांना असा अर्ज द्या, साध्या कागदावर, हाताने लिहिलेला पण चालतो:

"माझा मुलगा आपल्या आदेशाने सदर गृहात आहे. त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार आहे. तारीख अमुक ते तमुक या काळातले सर्व सीसीटीव्ही चित्रीकरण, रात्रपाळीचे ड्युटी रजिस्टर, कर्मचाऱ्यांचे हजेरीपत्रक, भेटीचे रजिस्टर व औषधोपचाराचे रजिस्टर त्वरित ताब्यात घेऊन जतन करण्याचे आदेश व्हावेत. तसेच माझ्या मुलाला त्या गृहातून हलवून सुरक्षित ठिकाणी ठेवावे व संबंधित कर्मचाऱ्याला त्याच्या संपर्कात येऊ देऊ नये."

दोन कॉपी, एकीवर शिक्का मारून आणायचा. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा.

बाकीच्या मुलांशी कुणी बोललं का हे पण विचारा. असला माणूस एकाच पोरावर थांबला असेल याची शक्यता कमी, आणि आतली मुलं आतल्या साहेबांना कधीच सांगत नाहीत. बिहारमधलं मुजफ्फरपूरच्या मुलींच्या निवारागृहाचं प्रकरण असंच बाहेर आलं, आपल्या देवनारच्या टिसच्या टीमने निवारागृहांचं सोशल ऑडिट केलं त्याच्या २०१८ च्या अहवालातून, नंतर सुप्रीम कोर्टाने केस दिल्लीला हलवली आणि फेब्रुवारी २०२० ला मुख्य आरोपीला मरेपर्यंत जन्मठेप झाली.

मुलाला तिथून हलवायचं कसं. केस चालू असलेल्या मुलाला मंडळ दुसऱ्या ठिकाणी पाठवू शकतं, पण त्याहून चांगलं म्हणजे जामीन परत मागा. जेजे कायद्याच्या (बाल न्याय कायदा) कलम १२ मध्ये जामीन हा नियम आहे, नाकारायची ठराविक कारणं आहेत, त्यातलं एक म्हणजे बाहेर गेल्यावर मुलाला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल. आता धोका आतच आहे म्हटल्यावर तेच कारण उलटं वळवून मांडायचं, वकिलाला हे नक्की सुचवा. मुलगा घाबरून पळून आला असेल तर? लपवून ठेवू नका, वकिलाला घेऊन मंडळासमोर हजर करा आणि का पळाला ते तिथेच सांगा. जेजे कायद्याचंच कलम २६ स्पष्ट म्हणतं की फक्त पळाला एवढ्यासाठी त्याच्यावर नवीन कारवाई करता येत नाही. आणि पालकच नसलेलं मूल असेल तर पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यायचं असतं.

आता मोठ्या झालेल्यांसाठी. "मी तिथे होतो तेव्हा झालं, आता माझं वय २६ आहे, काही होईल का?" होईल. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते, आणि उशीर झाला म्हणून केस खोटी ठरत नाही हे गुरमीत सिंग केसमध्ये १९९६ पासून सांगितलं जातंय. फक्त कायदा कोणता लागेल हे घटनेच्या तारखेवर ठरतं, तक्रारीच्या नाही. १४ नोव्हेंबर २०१२ नंतरचं आणि तुम्ही तेव्हा १८ च्या आत, तर पॉक्सो. त्याआधीचं असेल तर जुनी आयपीसी, मुलींसाठी ३७६, ज्यात रिमांड होमच्या व्यवस्थापनासाठी वेगळं पोटकलम होतंच, मुलांसाठी ३७७. हो, ३७७ चा तो भाग जुन्या घटनांना अजून लागतो. खरी अडचण निघते १८ पूर्ण करून सुरक्षित स्थानात ठेवलेल्या मुलग्यांची, कारण १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी आलेल्या बीएनएसमध्ये प्रौढ पुरुषावरच्या बलात्काराला कलमच नाही, तिथे दुखापत, धमकी, डांबून ठेवणं असल्या कलमांवर भागवावं लागतं, आणि हे चुकीचंच आहे. जुन्या केसमध्ये मुख्य लढाई कागदाची. तुम्ही त्या होममध्ये होतात हे दाखवायला मंडळाचा आदेश, सुटकेचा कागद, आतून दिलेलं शाळेचं सर्टिफिकेट, जे असेल ते शोधा, बालगुन्ह्यांची रेकॉर्ड ठराविक काळाने नष्ट करतात म्हणून प्रमाणित प्रतींचा अर्ज आधी टाका. तेव्हा सोबत असलेला एखादा मित्र, तेव्हा ज्यांना सांगितलं ती आत्या किंवा बाई, हे साक्षीदार आहेत.

गुगलवर हा विषय शोधला की अमेरिकन वकिलांच्या जाहिराती दिसतात, कोट्यवधी मिळतील वगैरे. तिकडे लॉस एंजेलिस काउंटीने २०२५ मध्ये बालसुधारगृह आणि फॉस्टर होममधल्या जुन्या अत्याचारांसाठी ४ अब्ज डॉलरची तडजोड केली हे खरंय, कॅलिफोर्नियाने जुन्या दाव्यांना मुदतीत सूट दिली होती म्हणून ते शक्य झालं. आपल्याकडे तसं नाही, त्या फॉर्ममध्ये आपली माहिती भरू नका.

आपल्याकडे पैसे येतात ते असे. एक, पॉक्सो कोर्ट केस चालू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकतं आणि आरोपी सुटला तरी भरपाईची शिफारस होऊ शकते, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारने द्यायची. कोर्ट स्वतःहूनही आदेश देऊ शकतं, पण त्यासाठी अर्ज कराच, बऱ्याच केसमध्ये कुणी करतच नाही. दोन, महाराष्ट्राची मनोधैर्य योजना, २०१३ पासून आहे, आता विधी सेवा प्राधिकरणाकडून चालते, बलात्काराच्या प्रकरणात १० लाखांपर्यंत, आणि मोठा हिस्सा फिक्स डिपॉझिटमध्ये टाकतात. तीन, तातडीचा खर्च, कपडे, प्रवास, खाणं, यासाठी बाल कल्याण समिती शिफारस करते आणि आठवड्यात रक्कम द्यायची असते. मुलाच्या नावाचं बँक खातं आधीच उघडून ठेवा, बरेच दिवस त्यातच जातात.

आणि चौथा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, हायकोर्टात घटनेच्या कलम २२६ ची रिट, म्हणजे सरकारविरुद्धची याचिका. कारण मूल सरकारच्या ताब्यात होतं, सरकारने त्याला ठेवलं होतं, तर सांभाळायची जबाबदारीही सरकारची. संस्था म्हणते आम्ही ट्रस्ट, सोसायटी, सरकार नाही. याचं उत्तर मुंबईच्याच केसमध्ये आहे, पत्रकार शीला बारसे विरुद्ध चिल्ड्रन्स एड सोसायटी, डिसेंबर १९८६, तिथे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की निरीक्षणगृह चालवणारी ही सोसायटी घटनेच्या कलम १२ खाली 'राज्य' धरली पाहिजे. कोठडीतल्या माणसाच्या हक्काचा भंग झाला तर राज्याने भरपाई द्यायची हे नीलबती बेहेरा केसने १९९३ ला पक्कं केलं. रिटमध्ये भरपाईबरोबर स्वतंत्र चौकशी, अधिकाऱ्याची बदली, बाहेरच्या माणसांकडून होमची तपासणी हे पण मागता येतं. साधा दिवाणी दावा पण आहे, पण कोर्ट फी, आणि वय १८ झाल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षांची मुदत, शिवाय वर्षानुवर्ष तारखा, त्यामुळे तो शेवटी.

वकिलाचं टेन्शन घेऊ नका. बायका आणि १८ च्या आतल्या मुलांना विधी सेवा कायद्याखाली फुकट वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. सरकारी वकील कोर्टात केस चालवतो पण तुमचा स्वतःचा वकील सोबत असणं वेगळं, पॉक्सो कलम ४० ने तो हक्क दिलाय. सपोर्ट पर्सन, म्हणजे केसभर मुलासोबत राहून मदत करणारं माणूस, बाल कल्याण समितीकडून लेखी मागा. फोर्टचं सेशन्स कोर्ट असो की दिंडोशी, साक्ष बंद कोर्टात, आरोपी मुलाला दिसणार नाही अशी, आणि मुलाला मध्ये पाणी, ब्रेक, सगळं मिळतं, वकिलाला आडवेतिडवे प्रश्न विचारायची परवानगी नसते. आरोपीच्या जामिनाची नोटीस तुम्हाला मिळालीच पाहिजे, मुंबई हायकोर्टाने २०२१ च्या अर्जुन मालगे केसमध्ये पोलिसांना आणि कोर्टांना तसं बजावलंय, नोटीस न देता जामीन झाला असेल तर वकिलाला तेवढ्यावर उभं राहता येतं. धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षणाचा अर्ज. "मिटवून टाका, पैसे घ्या" म्हणणारे येतील, शेजारपाजारचे, कधी ओळखीचा नगरसेवक. पॉक्सोत तडजोड होत नाही, हे त्यांनाही माहीत असतं.

बालहक्क आयोग, मानवी हक्क आयोग इथेही तक्रार करा, पण एफआयआरच्या ऐवजी नाही, सोबत. मानवी हक्क आयोगाला घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे.

अत्याचार करणारा स्टाफ नसून वयाने मोठा दुसरा मुलगाच असेल, जे खूप होतं, तर? तक्रार तीच, पोलीस तेच, फक्त त्याची केस बाल न्याय मंडळात चालेल, तो १६ च्या वर असेल आणि गुन्हा फार गंभीर असेल तर मंडळ त्याला मोठ्यांसारखं चालवायचं का ते ठरवेल. पण स्टाफ त्यातून सुटत नाही. रात्री खोलीत कोण कुणासोबत झोपतं, आधी तक्रार आली होती का, आली तर काय केलं, हे सगळं एफआयआरमध्ये घाला आणि जेजे कायद्याचं कलम ७५ लावायला सांगा, संस्थेच्या माणसाने मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

एफआयआरची कॉपी व्हॉट्सॲपवर कुणालाही फॉरवर्ड करू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवर पण नाही, पत्रकाराला द्यायची तर आधी वकिलाला विचारा. मुलाचं नाव, फोटो, शाळा, चाळीचं नाव, ओळख पटेल असं काहीही छापणं हा पॉक्सो कलम २३ खाली गुन्हा आहे. कुणी आधीच टाकलं असेल तर स्क्रीनशॉट आणि लिंक घेऊन त्याच आयओला वेगळी तक्रार द्या, आणि पोस्ट काढायला लावा.